आजीचा केतुबा

शनिवार, रात्र

शब्बाथ, म्हणजे आमचा शनिवारचा विसाव्याचा दिवस, संपला, आकाशात तीन तारे दिसले, म्हणून आता वही उघडते आहे. काल दुपारी इस्राएलमधल्या अश्दोदहून मावसबहिणीचा फोन आला. लेकीचं लग्न ठरलंय, मुलगा मोरोक्कोहून आलेल्या घरातला. नोंदणीच्या वेळी, लेक ज्यू आहे हे पटवायला, आधी आईचा केतुबा, म्हणजे ज्यू लग्नाचा करारनामा मागितला, मग आजीचाही. "ताई, तुझ्याकडच्या ट्रंकेत असेल का गं?"

आहे. घड्यांवर फाटलाय, पण आहे. एका साक्षीदाराची सही देवनागरीत आहे, ती बघून डोळे भरून आले.

आजी अलिबागकडची. तिच्या आजोबांचा तेलाचा घाणा होता. शनिवारी बैल सोडलेले असायचे, म्हणून गाव आम्हा बेने इस्रायलांना, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंना, शनवार तेली म्हणायचं. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात जोडपी वाचली, ग्रंथ समुद्रात गेले, असं आम्ही पिढ्यान् पिढ्या सांगत आलो. उरलं काय? शेमा ही प्रार्थना, सुंता आणि शनिवार. त्या माणसांना दाखला कोण देणार होतं?

१९६२ साली इस्राएलच्या मुख्य रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, कचेरीने फर्मान काढलं: बेने इस्रायल माणसाला दुसऱ्या ज्यूशी लग्न करायचं असेल, तर आई, आजी आणि त्यामागे जितकं जाता येईल तितकं तपासा. आमची माणसं जेरुसलेमच्या रस्त्यावर बसली. १९६४च्या ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेने ठराव केला की बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत. साठ वर्षं झाली. आणि आज पुन्हा मी ट्रंक उपसते आहे. राग येतो, खूप येतो.

आणि मग वहिनी आठवते. मराठ्याच्या घरात जन्मली. लग्नाआधी आपला धर्म शिकली, बेथ दिनच्या, म्हणजे धर्मन्यायालयाच्या, तिघांपुढे उभी राहिली, मिक्वेत, म्हणजे विधीच्या स्नानकुंडात, बुडी घेतली. धर्मकायदा ज्यू आईच्या लेकराला ज्यू मानतो, तसंच धर्मांतर करून आलेल्यालाही. १९७०ला इस्राएलच्या परतीच्या कायद्यातही, म्हणजे ज्यूंना तिथे येऊन राहायचा हक्क देणाऱ्या कायद्यातही, हेच दोन मार्ग लिहिले गेले. शिवाय धर्मांतर केलेल्याला त्याच्या आधीच्या दिवसांची आठवण करून देऊ नये, अशी आपली शिकवण आहे. शास्त्रातली रूथ मवाबी, म्हणजे परक्या देशातली होती, आणि दावीद राजा तिचा पणतू.

वहिनीची पोरं जन्माने ज्यू आहेत, ती तिच्यामुळे. मेणबत्त्यांवरचा आशीर्वाद ती माझ्यापेक्षा शांतपणे म्हणते. मी आईकडून आपोआप मिळालेलं घेतलं, तिने मागून घेतलं. तिला कुणी कमी लेखलं तर मला ते सहन होणार नाही, आणि आजीकडे कुणी संशयाने पाहिलं तरीही नाही.

केतुब्याचा फोटो आत्ताच पाठवला. लग्नाचा मलिदा, हा गोड पोह्यांचा आमचा आभारविधी, आम्ही इथे, ठाण्यातही करायचा ठरवलाय. वहिनी म्हणाली, "पोहे मी भिजवते, तुम्ही नारळ खवा."