लांबच्या प्रवासासाठी फिल्म कॅमेरा आणि लेन्स निवडताना

वर्षभराच्या प्रवासाला फिल्म कॅमेरा न्यायचा असेल, तर तो ताजिकिस्तानात पामीरच्या एखाद्या खिंडीत किंवा बोलिव्हियाच्या उंच पठारावर बंद पडला तर पुढे काय, हा प्रश्न अगदी आरंभी स्वतःला विचारावा, असे माझे ठाम मत आहे. मुंबईत राहून सुटीच्या दिवशी फोटो काढणाऱ्याला ही चिंता फारशी नसते, कारण कॅमेरा अडलाच तर कॅमेऱ्याच्या दुकानांच्या बोरा बाजारात नेऊन दाखवता येतो. परमुलखात तशी सोय हाताशी असेलच असे नाही. म्हणून पुढच्या दीर्घ प्रवासाची तयारी करताना कॅमेरा विजेवर किती अवलंबून आहे, या एका कसोटीवर मी बाकीच्या सगळ्या गोष्टी पारखत गेले.

या कसोटीवर १९७६ सालचा कॅनन एई-१ लगेच मागे पडतो. कॅमेरा देखणा आहे आणि अजूनही वाजवी किमतीत मिळतो, पण त्याचे शटर, म्हणजे फिल्मवर क्षणभर उजेड पडू देणारा पडदा, इलेक्ट्रॉनिक असल्यामुळे सहा व्होल्टचा सेल संपला की ते उघडतच नाही. ऑलिंपस ओएम-१ मला मनापासून आवडतो. ऑलिंपसचे रचनाकार योशिहिसा माइतानी यांनी त्या काळच्या अवजड कॅमेऱ्यांच्या तुलनेत तो इतका आटोपशीर घडवला, की आजही हातात घेतल्यावर कौतुक वाटते. त्याचे शटर पूर्णपणे यांत्रिक आहे. मात्र त्याचा लाइट मीटर, म्हणजे उजेड मोजणारा भाग, १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बनवलेला असून ते सेल आता बाजारातून गेले आहेत, त्यामुळे साधा सेल घातला तर मोजमाप चुकते आणि मीटरमध्ये दुरुस्ती करून घ्यावी लागते. पेंटॅक्स के-१००० दणकट आहे, पण त्याच्या मीटरला बंद करण्याचे बटण नाही, म्हणजे लेन्सवर टोपण घालायला विसरलो की सेल उतरत राहतो. लायका एम-६ विषयी आदर असूनही लाखांत किंमत असलेली वस्तू गळ्यात अडकवून रात्रीच्या बसमध्ये निश्चिंत झोपणे मला जमणार नाही.

माझी निवड निकॉन एफएम-२ वर स्थिरावली. १९८२ मध्ये आलेला हा कॅमेरा २००१ पर्यंत बनत होता, त्यामुळे जगभर तो सेकंडहँड मिळतो आणि त्याची रचना जाणणारे कारागीरही भेटतात. वजन सुमारे ५४० ग्रॅम आहे. शटर उघडे राहण्याचा एका सेकंदापासून १/४००० सेकंदापर्यंतचा प्रत्येक वेग सेलशिवाय चालतो. एलआर४४ जातीचे दोन छोटे सेल केवळ मीटरसाठी लागतात आणि ते घड्याळाच्या दुकानातही मिळू शकतात. सेल संपलेच तर कडक उन्हात लेन्सचे छिद्र एफ/१६ या लहान मापावर आणि वेग फिल्मच्या संवेदनशीलतेच्या आकड्याइतका, म्हणजे ४०० च्या फिल्मला सुमारे १/५०० सेकंद, हा जुना नियम पुरेसा होतो. थंडीत सेलची ताकद घटते हे मला डोंगरात अनेकदा जाणवले आहे, म्हणून ते आतल्या खिशात ठेवावेत. शिवाय कोरड्या थंडीत रोल सावकाश पुढे न्यावा, अन्यथा घर्षणाने निर्माण होणाऱ्या स्थिर विजेच्या रेघा निगेटिव्हवर उमटतात.

जुना एफएम-२ विकत घेताना घाई करू नये. मागचे झाकण उघडून शटरची पाती उजेडात तिरपी धरून पाहावीत. रोल भरताना कुणाचा अंगठा लागला असेल तर तिथे बारीक पोचा दिसतो आणि अशी पाती पुढे दगा देऊ शकतात. एक सेकंदाचा वेग लावून नुसते ऐकावे, यंत्राची घरघर मध्येच अडखळत असेल तर कॅमेरा परत ठेवावा. झाकणाच्या खाचेतला, उजेड आत येऊ न देणारा फोम बोटाला चिकट लागला तर तो बदलून घ्यावा लागणार, हे धरूनच भाव करावा. आणखी एक बाब दुकानातच तपासावी: शटर मोकळे होण्यासाठी रोल पुढे नेण्याची कळ थोडी बाहेर ओढून ठेवावी लागते, आणि डाव्या डोळ्याने पाहणाऱ्याच्या चेहऱ्याला ती टोचते.

लेन्स मी तीनच ठेवल्या आहेत; मिमीचा आकडा जितका लहान, तितके दृश्य रुंद येते. २८ मिमी एफ/२.८ ही निकॉनची एआय-एस प्रकारची लेन्स वीस सेंटिमीटरपर्यंत जवळचा फोकस घेते, त्यामुळे रेल्वेचा डबा किंवा किरगिझ युर्ट (भटक्यांचा गोल तंबू) अशा अरुंद जागेत समोरचा चहाचा पेला आणि मागची माणसे एकाच चौकटीत येतात. त्याच मापाच्या निकॉनच्याच स्वस्त सिरीज-ई लेन्सची रचना वेगळी आहे, तेव्हा विक्रेत्याला नेमके विचारून घ्यावे. ५० मिमी एफ/१.८ संध्याकाळनंतर उपयोगी पडते. १०५ मिमी एफ/२.५ ही माणसांची लेन्स. अमेरिकन छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरी यांनी १९८४ मध्ये पेशावरजवळच्या नासिर बाग छावणीत टिपलेले अफगाण मुलीचे जगप्रसिद्ध छायाचित्र याच लेन्सने आणि एफएम-२ नेच काढलेले आहे. समोरच्या माणसाच्या अंगावर न जाताही त्याचा चेहरा भरून घेता येतो, हा तिचा मोठा गुण. तरी आधी चार शब्द बोलून, परवानगी घेऊन मगच कॅमेरा उचलावा, हे मी कटाक्षाने पाळते. तिन्ही लेन्सना ५२ मिमीचाच फिल्टर लागत असल्याने एक पिवळा फिल्टर आणि एक पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) सर्वांना पुरतो. झूम मी मुद्दाम घेतलेला नाही.

कॅमेऱ्यापेक्षा फिल्मचे नियोजन अवघड आहे. आठवड्याला दोन रोल धरले तरी वर्षाला शंभरावर रोल होतात, आणि तेवढे बरोबर नेणे शहाणपणाचे नाही, कारण विमानतळांवर आता बसवली जाणारी सीटी स्कॅनर यंत्रे न धुतलेली फिल्म एका फेरीतही धुरकट करू शकतात. चेक-इन सामानात तर फिल्म कधीच टाकू नये. रोल डब्यांतून काढून पारदर्शक पिशवीत ठेवावेत आणि हातांनी तपासण्याची विनंती नम्रपणे करावी. ती मान्य होईलच असे नाही, तरी वेळ हाताशी ठेवून गेल्यास शक्यता वाढते. दिल्लीच्या मेट्रोतही प्रत्येक प्रवेशाला पिशवी एक्स-रेमधून जाते, हे शहरात फिरताना ध्यानात ठेवावे. जुन्या यंत्रांचा एकेका वेळचा परिणाम थोडा असला तरी तो साठत जातो.

रोल वाटेतच धुवून घेता यावेत म्हणून मी स्लाइडऐवजी (थेट पारदर्शक चित्र देणाऱ्या फिल्मऐवजी) रंगीत निगेटिव्ह निवडली. ती सी-४१ या एकाच पद्धतीने सगळीकडे धुतली जाते, आणि उजेड थोडा जास्त पडला तरी सांभाळून घेते. कोडाक्रोमसारखी अप्रतिम स्लाइड फिल्म वेगळ्या रसायनांवर अवलंबून होती. अमेरिकेत कॅन्ससमधल्या पार्सन्स गावी ती धुणारी शेवटची प्रयोगशाळा होती, आणि २०१० अखेर तिथे रोल घेणे थांबल्यावर घरोघरी उरलेले रोल निरुपयोगी झाले. रंगीतसाठी पोर्ट्रा ४०० आणि कृष्णधवलसाठी एचपी-५ प्लस या दोनच फिल्मवर मी प्रवास बेतला आहे. मुंबईतून मोजके रोल घेऊन निघेन, बँकॉकला ते धुवून घेईन आणि पुढच्या टप्प्याची फिल्म तिथेच विकत घेईन. धुतलेल्या निगेटिव्हला एक्स-रेचे भय नसल्याने त्या नोंदणीकृत टपालाने घरी पाठवता येतील.