कर्बिन ते मुन, चौथ्या खेपेला

'कर्बल स्पेस प्रोग्रॅम' या कंप्युटर गेममध्ये कर्बिन या ग्रहावरून निघून त्याच्या मुन या चंद्रावर उतरून परत यायला मला चार खेपा लागल्या. पहिल्या तिन्ही वेळा रॉकेट धड होतं, अडाणी होता तो चालवणारा. हा गेम (2015 साली पूर्ण रूपात आलेला पहिला भाग) खेळताना सगळे यान जोडण्यावर बोलतात, म्हणून मी फक्त चालवण्याबद्दल लिहितो. मी सँडबॉक्समध्ये, म्हणजे सगळं सुरुवातीपासून खुलं असलेल्या प्रकारात, खेळलो. तिथे प्रत्येक वैमानिक पूर्ण शिकलेला मिळतो.

पहिली खेप तळावरच आटोपली. स्पेसबार दोनदा दाबला गेला आणि खालचा टप्पा पेटताक्षणी सुटून पडला. ऑल्ट आणि एल एकत्र दाबलं की स्पेसबारला कुलूप लागतं, हे नंतर कळलं. आता टी दाबून एसएएस (यान आपोआप स्थिर धरणारी यंत्रणा) चालू, झेडने पूर्ण जोर, एकदा स्पेसबार आणि लगेच कुलूप.

वेग सेकंदाला 100 मीटर झाला की डी हलकेच टिचकीसारखं दाबत पूर्वेला झुकायचं, 10 किलोमीटरवर साधारण 45 अंश. कळ दाबून धरलीत तर यान कोलांटी खातं. कॅप्स लॉक चालू ठेवलं की हात हलका होतो. आणि डोळे नॅव्हबॉलवर, म्हणजे खालच्या दिशादर्शक गोळ्यावर. रॉकेटच्या चित्राकडे बघून दिशा कळते असं वाटतं, पण कॅमेरा फिरला की डावं-उजवं गेलं. शिवाय नाक जिकडे, तिकडेच यान चाललंय असंही नसतं. खरी वाट पिवळ्या प्रोग्रेड खुणेची.

एम दाबून नकाशा उघडा. कक्षेचा वरचा बिंदू 80 किलोमीटरवर गेला की एक्सने इंजिन बंद. कर्बिनचं वातावरण 70 किलोमीटरवर संपतं. वरच्या बिंदूजवळ पोचलात की प्रोग्रेडकडे नाक करून पुन्हा जोर लावायचा. इथे माझी सगळ्यात मोठी समजूत मोडली: जिथे जोर लावता तिथली उंची हलत नाही, कक्षेची समोरची बाजू वर उचलली जाते. कक्षा गोल झाली तेव्हा वेग 2,280 च्या आसपास होता.

पुढचं सोपं. मुन क्षितिजावर उगवताना दिसला की प्रोग्रेडला साधारण 860 मीटर प्रति सेकंद वेग वाढवा. नकाशात गाठ पडलेली दिसली की थांबा. मुनजवळच्या सर्वांत खालच्या बिंदूवर उलट जोर लावला की तो तुम्हाला धरून ठेवतो.

उतरताना मात्र दोन खेपा गेल्या. दुसऱ्या खेपेला नॅव्हबॉलवरचा वेग 'ऑर्बिट'वर होता, बहुधा माझ्याच क्लिकने. आकडा शून्याजवळ आला म्हणून मी खूश, पण मुन स्वतः फिरतो आणि विषुववृत्तावर त्याची जमीन सेकंदाला 9 मीटर सरकते. पाय टेकताच यान आडवं झालं. त्या आकड्यावर क्लिक करून 'सरफेस' (जमिनीच्या तुलनेतला वेग) आणायचं, आणि खाली येईपर्यंत तीनदा तरी बघायचं. वरचा उंचीचा आकडाही फसवतो. तो मुद्दाम बदलला नाही तर जमिनीपासूनची उंची दाखवत नाही, आणि मुनवर काही डोंगर सात किलोमीटरच्या घरात आहेत.

तिसऱ्या खेपेला एसएएसला 'रेट्रोग्रेड (चालीच्या उलट दिशा) धर' सांगून निवांत बसलो. जमीन चार-पाच मीटरवर असताना जोर थोडा जास्त झाला, यान खाली यायचं थांबून वर सरकू लागलं, आणि रेट्रोग्रेडची खूण झटकन खालच्या बाजूला गेली. आज्ञाधारक एसएएसने यान डोक्यावर उलटं केलं. वेग 5 च्या खाली आला की साध्या स्थिरतेवर या. मग शिफ्ट आणि कंट्रोलने जोर थोडा थोडा कमीजास्त करायचा. मुनचं गुरुत्व कर्बिनच्या सहाव्या हिश्श्याएवढं, त्यामुळे उतरायला घाई नसते, पण हात जड पडला की यान चेंडूसारखं उडतं.

एफ पाच दाबून खेळ जपून ठेवा, एफ नऊ धरून ठेवलं की मागे जाता येतं. पण मी एकदा इंधन उधळल्यावर एफ पाच दाबला आणि आधीची चांगली नोंद पुसली. ऑल्टसह दाबलं तर प्रत्येक नोंदीला वेगळं नाव देता येतं.

परतीला कर्बिनजवळचा बिंदू 30 किलोमीटरच्या आसपास ठेवला, उष्णतारोधक तळ पुढे करून रेट्रोग्रेड धरला. पॅराशूटचं चिन्ह लाल असेपर्यंत स्पेसबारला हात लावू नका. मी तेवढ्यापुरतं कुलूप पुन्हा घातलं होतं. मग ते काढायचं विसरलो, आणि समुद्र दिसायला लागल्यावर आठवलं.