तो पाऊस कुणाचा?

आज इथे, अमिरातीतल्या अल ऐनमध्ये पाऊस झाला. जेमतेम दहा मिनिटं, पण टपोऱ्या थेंबांचा. मी पार्किंगमध्ये भिजत उभा, आणि दादा गाडीत बसता बसता म्हणाले, "विमानाने पाडलाय रे, त्याचं एवढं काय!" तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाहीये.

दुपारपासून मी त्या ढगावर नजर ठेवून होतो. पूर्वेला, हजर नावाच्या डोंगरांवर. ओमानच्या समुद्रावरची दमट हवा तिकडून येते, आखातावरची इकडून. दोन्ही डोंगरापाशी भिडतात आणि तापलेली हवा वर सुटते. दोन वाजता माथा गच्च, कडा कोरल्यासारख्या. तीनला माथा सपाट होऊन लोहाराच्या ऐरणीसारखा पसरला. उन्हाळ्यात वरचे वारे पूर्वेचे, म्हणून असा ढग आमच्याकडे सरकतो. पण बहुतेक ढग इथवर टिकत नाहीत. खाली सरी लोंबताना दिसतात आणि कोरड्या हवेत, जमिनीला न लागताच विरतात. ते बघताना दर वेळी घसा दाटून येतो. आईला सांगावं, तर ती म्हणते, "इथे धो धो पडतोय, ये की." पुढचं बोलणं मग दोघंही टाळतो.

आजचा पोचला. आधी धूळ उठली, खजुरी वाकल्या, एकदम गारवा, मग थेंब. अगदी गावाकडचा वळीव. आणि तो म्हणे विमानाचा.

विमानं उडतात, खरं आहे. ढगाच्या बुडाशी, वर चढणाऱ्या हवेत मिठाचे कण सोडतात. त्यांच्याभोवती पाणी धरतं, थेंब मोठे होतात. पण मोकळ्या आकाशात मीठ टाकून पाऊस पडत नाही, ढग आधी लागतोच. १६ एप्रिल २०२४ ला इथल्याच खत्म अल शकलाला २५४.८ मिमी पडला, तेव्हाही सगळे विमानांचंच नाव घेत होते. त्या वादळात विमानं उडालीच नव्हती, असं हवामान केंद्राने सांगितलं. तरी लोक तेच बोलतात.

मग मलाच इतकं का लागलं? इथे हिरवळीला नळीचं पाणी, प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी ठिबक, गारवा यंत्राचा. सगळं कुणीतरी आणलेलं, मीसुद्धा. आपणहून येणारा एक ढगच, असं मी धरून चाललो होतो. तोही गेला तर...

पण २०१५ मध्ये मराठवाड्यावरही अशी विमानं फिरलीच होती. त्या साली जो काही पाऊस झाला, तो कुणी पाडला हे मामांनी विचारलं नाही. ते बांधावर उभे राहून भिजले. आणि आज मीठ पडलं असेल वा नसेल, डोंगरावर तो ढग चढला तो स्वतःच्या ताकदीने, माझ्या डोळ्यांदेखत. दादांनी ते बघितलेलंच नाही. उद्या दोन वाजता त्यांना गच्चीवर नेणार आहे. उन्हाला नाही म्हणतील, तरी नेणार.