रुळांच्या जागी वाट

सिंगापूरमधील तांजोंग पागार ते वुडलँड्स हा सुमारे २४ किलोमीटरचा रेल्वेमार्ग २०११ साली बंद झाला, रूळ उचलले गेले आणि त्या सलग पट्ट्याची हिरवी पायवाट झाली. बहिणीकडे गेलो असताना मी तिच्यासोबत बुकित तिमाहजवळ या वाटेवर चाललो. तिथला जुना पोलादी पूल आणि लहानसे स्थानक जपलेले पाहून मला मनापासून आनंद झाला. आगगाडीला तीव्र चढ चालत नसल्यामुळे अशी वाट मुळातच सौम्य असते आणि गुडघे दुखणारी ज्येष्ठ मंडळीही तिच्यावरून निर्धास्त चालतात, हा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो.

पुण्यात परतल्यावर खडकवासल्याहून निघून पर्वतीच्या पायथ्याने हडपसरकडे जाणारा मुठा उजवा कालवा मी नव्या नजरेने पाहू लागलो. तो वाहता आहे, बंद पडलेला नाही. परंतु पाणी केवळ उताराने पुढे न्यायचे असल्याने त्याचा काठही तसाच सौम्य आहे. म्हणून राडारोडा हटवून, कालव्याच्या बाजूला भक्कम कठडा घालून आणि काठावरील वस्त्यांना विश्वासात घेऊन तिथे सलग, सावलीची पायवाट व्हावी, असे मला तळमळीने वाटते.