गोधडीचा पीळ

गेल्या भाद्रपदात मला ळ येईना झाला. म्हंजे बोलता येत होता, वाचता येत होता, पण काढता येईना. सुलेखन हा माझा पोटापाण्याचा धंदा, त्यामुळे हे म्हणजे आचाऱ्याला फोडणी न जमण्यासारखं झालं. निफाडकडच्या एका द्राक्षबागायतदाराने शेतावर पर्यटन सुरू केलंय, त्याला बोर्डसाठी आणि मनुक्यांच्या पाकिटासाठी 'मळा' हे नाव हवं होतं. दोनच अक्षरं आणि एक काना! म पहिल्या दिवशी झाला. ळ नऊ दिवस झाले तरी होईना, दोन शून्यं फेविकॉलने शेजारी शेजारी चिकटवल्यासारखी दिसायची.

आता खरं सांगायचं तर गेली चार-पाच वर्षं मी बोरू हातात धरलेलाच नाहीये नीट. सगळं टॅबवर. मनगटसुद्धा हलत नाही, नुसती दोन बोटं, आणि चुकलं की अनडू. अनडूची सवय फार वाईट, पेन टेकायच्या आधीच मनात ते पुसलं गेलेलं असतं. आई एक दिवस मागे उभं राहून बघत होती, म्हणाली, "बसून बसून अक्षरंपण लठ्ठ झालीयेत रे तुझी." मी काही बोललो नाही, कारण झालीच होती.

मग चालायला सुरुवात केली. त्याला निमित्त असं की एका मित्राने अमेरिकेतल्या एका प्रयोगाबद्दल सांगितलं होतं, स्टॅनफर्ड विद्यापीठातला, २०१४ सालचा. १७६ लोकांना कधी बसवून कधी चालवून नवीन कल्पना सुचवायला सांगितल्या, तर चालताना सरासरी साठेक टक्के जास्त सुचल्या. गंमत म्हणजे कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालणाऱ्यांनाही सुचल्या, म्हणजे झाडं, डोंगर, पक्षी वगैरेंना उगाच श्रेय द्यायला नको. आणि जिथे एकच बरोबर उत्तर असतं तिथे मात्र चालणारे किंचित मागेच पडले, म्हणजे जीएसटीचं काम बसूनच केलेलं बरं.

पहिल्या रविवारी पांडवलेणीला गेलो. पायऱ्या चढताना जी धाप लागली ती कुणाला दिसू नये म्हणून मधे मधे थांबून शहर बघितल्यासारखं केलं, फाळके स्मारक किती लहान दिसतं वगैरे. चोवीस लेणी आहेत, पण मी गेलो ते तिसऱ्या लेण्यासाठी, तिथे गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. भाषा प्राकृत, लिपी ब्राह्मी, अक्षरांना शिरोरेघ नाहीच, त्यामुळे ती दोरीवर वाळत न घालता सुटी सोडल्यासारखी दिसतात. हात लावायचा नसतो, म्हणून मी लांबून हवेतच गिरवायला लागलो. आणि मजा बघा, हवेत गिरवताना बोटं चालत नाहीत, अख्खा दंड फिरतो, खांदा फिरतो. पाच-सात मिनिटांत खांदा भरून आला. छिन्नीने हे खोदणाऱ्याचं काय होत असेल! एक शाळकरी मुलगा माझ्याकडे बघून आईला म्हणाला, "हे काका काय करतायत?" तिने त्याला हळूच पुढे ओढून नेलं. ळ काही आला नाही त्या दिवशी, पण रात्री झोप मात्र छान लागली.

मग रोजचंच झालं. फोन चार्जिंगला लावून घरीच ठेवायचा आणि गंगापूर रोडवरून अशोकस्तंभ, रविवार कारंजा, तिथून सराफ बाजारातून भांडीबाजार आणि खाली गंगेवर. (बाहेरगावच्यांसाठी, आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, पत्ता विचारताना घोळ करू नका.) फोन नसला की पहिली दहा मिनिटं नुसता खिसा चाचपण्यात जातात. मग हळूहळू कान उघडतात, नाक उघडतं. चिवडा तळल्याचा वास, झेंडूच्या ओल्या पोत्यांचा वास, कुणीतरी पितळी घागर बोटाने टण्णकन वाजवून बघतंय, दुकानदार म्हणतोय वाजवा वाजवा, फुटकी नाही. इतक्या वर्षांत मी या रस्त्याने स्कूटरवरून शेकडो वेळा गेलो असेन पण ती घागर कधी ऐकली नव्हती.

घटस्थापनेला चार-पाच दिवस राहिले होते. नवरात्राच्या आधी आमच्या गंगेवर काय गर्दी असते ते बघायलाच हवं, घरोघरच्या गोधड्या, चादरी, सतरंज्या निघतात. नदीत कपडे धुवायला मनाई आहे खरं तर, आणि ते बरोबरही आहे, पण मशीनमध्ये गोधडी मावत नाही हेही तितकंच बरोबर. घाटभर आपटण्याचे आवाज, पायऱ्यांवर रंगीत तुकडेच तुकडे. मी आपला कडेकडेने चाललो होतो तर एक आजी ओरडल्या, "ओ दादा, धरा की जरा हे टोक!"

धरलं. ओल्या गोधडीचं वजन किती असतं हे ज्याने उचललंय त्यालाच माहीत, मला वाटलं दुसऱ्या टोकाला आजी नसून दगडच बांधलाय. आजींनी फिरवायला सुरुवात केली. मी विचार केला की पिळायचं म्हणजे दोघांनी उलट फिरवायचं, त्या उजवीकडे फिरवतायत तर आपण डावीकडे. पाणी काही गळेना, गोधडी नुसतीच गोल गोल फिरायला लागली, लहान पोरींच्या दोरीउड्यांसारखी. शेजारच्या बायका हसायला लागल्या.

"अवो उलटं काय फिरवून राह्यले! तुमी तुमच्या उजव्या हाताला फिरवा, मी माझ्या. मंग बसतो पीळ."

समोरासमोर उभं राहिल्यावर माझं उजवं म्हणजे त्यांचं डावं, हे शाळेत आरशाच्या धड्यात शिकलो होतो मी, पण हातांना कुठे माहीत होतं. फिरवलं. आणि मधोमध तो पीळ असा काही बसला की बास, पाण्याची धार पायावर, पाणी गार, तळवे चरचरायला लागले, आणि आजी मागे झुकल्या तसा मीपण झुकलो, नाहीतर दोघंही पडलो असतो. पुढच्या तीन गोधड्या पिळल्या. चौथीला आजी म्हणाल्या, "आता जमलं बघा." इतकं बरं मला कुठल्या प्रदर्शनातही वाटलेलं नाही.

घरी आलो तेव्हा हात थरथरत होते. टॅबचा पेन धरवेना, निसटायला लागला. म्हणून कपाटातला जुना बोरू काढला, तो जाडजूड, सैल धरला तरी चालतो. देवनागरीच्या बोरूचा काप रोमनच्या उलट बाजूला तिरका असतो, हेसुद्धा मी विसरून गेलो होतो, बघून आठवलं. शाई पाण्यासारखी झाली होती. जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि उकिडवं बसून, खांद्यातून, ळ.

डावा गोल एका बाजूला वळला आणि मधे येऊन दिशा फिरली, उजवा गोल उलट गेला. मी नऊ दिवस दोन्ही गोल एकाच दिशेला फिरवत होतो की! तशाने गोधडी नुसती गरगरणारच, पीळ कुठून बसणार. वर्तमानपत्रावर बाजारभावांच्या रकान्यात पहिला बरा ळ उमटला, मग शेअर्सवर दुसरा, मग श्रद्धांजलीवर सात-आठ. आई म्हणाली पेपर मी अजून वाचला नव्हता.

त्यातलाच एक स्कॅन करून पाठवला, शाई एका ठिकाणी फुटली होती ती तशीच ठेवली. बागायतदारांचा संध्याकाळी फोन आला, एकदम खूश होते. म्हणाले, "सर, हा फॉन्ट कुठला हो? मेनूकार्डला पण हाच टाकू."

मी सांगायला तोंड उघडलं, पण आई दारात येऊन उभी होती, हातात दोन गोधड्या आणि खाली बादलीत अजून एक.