रुमाल टाकून धरलेली जागा

आमच्या घरात माणसं चार, त्यातले चहावाले तीन. उरलेली मी. सासूबाईंचं माहेर शनिवार पेठेतलं. गल्लीच्या तोंडाशीच अमृततुल्य, त्यामुळे पितळी पातेल्यातल्या चहाचा वेलदोड्याचा वास घेतच त्या मोठ्या झाल्या. त्यांच्या लेखी कॉफी दोनच प्रसंगांची: उपास, नाहीतर मुलगी बघायला आलेले पाहुणे.

माझ्या माहेरी तरी कुठे वेगळं होतं? दुधाला उकळी, साखर, चिमूटभर कॉफी आणि वर किसलेलं जायफळ. आता विचार केला की हसू येतं. बाळाला झोप लागावी म्हणून आपण जायफळ उगाळून चाटवतो, आणि तेच जागं ठेवणाऱ्या पेयावर किसतो. एकाच कपात अंगाई आणि गजर! आमच्याकडे बहुतेक वेळा जायफळच जिंकायचं.

खरी कॉफी भेटली ती कॉलेजात, फर्ग्युसन रस्त्यावर. वैशालीत डोसा संपवून टेबल अडवून बसायचं तर काहीतरी मागवायलाच हवं, म्हणून मागवलेली. सवय लागायला एवढं निमित्त पुरलं. पुढे स्टीलचं दोन डब्यांचं फिल्टर घरात आलं. मग दुकानात उभं राहून पीबेरी आणि प्लांटेशन ए अर्धी-अर्धी, चिकोरी वीस टक्के, असं ऐटीत सांगणंही आलं. (प्लांटेशन ए ही बियांची एक प्रत, चिकोरी म्हणजे कॉफीत मिसळायची भाजलेल्या मुळाची पूड, आणि पीबेरी म्हणजे फळात दोन चपट्या बियांऐवजी एकच गोल बी. चवीतला फरक मला डोळे मिटून ओळखता येणार नाही, पण हे दुकानदाराला कशाला सांगा?) रात्री वरच्या डब्यात पूड दाबायची, उकळतं पाणी ओतायचं आणि झोपायचं. सकाळी खालच्या डब्यात काळंभोर डिकॉक्शन तयार. घर उठायच्या आत दूध तापवून पहिला घोट. त्या दहा मिनिटांत मला कोणी हाक मारत नाही. खरं सांगायचं तर कॉफीपेक्षा त्या दहा मिनिटांचंच व्यसन असावं.

सासूबाई म्हणतात, “हे काळं पाणी आपलं नव्हेच गं.” एकदा मी इतिहास काढला. बाबा बुदान या सूफी संतांनी सतराव्या शतकात येमेनहून सात बिया लपवून चिकमगळूरच्या डोंगरात आणल्या, अशी आख्यायिका आहे. तुमच्या चहाचे मळे इंग्रजांनी आसामात लावले ते १८३० च्या दशकात. त्या शांतपणे म्हणाल्या, “असेल. पण लपवूनच आणली ना?”

कॉफीने झोप उडते, हे त्यांचं म्हणणं मात्र खरं ठरलं. स्वारगेटला एसटी लागली की लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, कॅफिन मेंदूत नेमकं तेच करतं. अॅडेनोसिन नावाचं द्रव्य दिवसभर मेंदूत साठत जातं. ते आपल्या जागेवर बसलं की पेंग येते. कॅफिन त्या जागेवर रुमाल टाकतं. थकवा गेलेला नसतो, दारात उभा असतो. रुमाल उचलला की सगळे एकदम आत. आणि हा रुमाल लवकर उचलला जात नाही. अर्धं कॅफिन उतरायला साधारण पाच तास लागतात, कोणाला कमी, कोणाला जास्त. म्हणजे संध्याकाळी पाचचा कप रात्री दहाला निम्मा शिल्लक. रात्री छताचा पंखा बघत पडायचे ते याच हिशेबामुळे. दुपारनंतरची कॉफी मी बंद केली. (“मी काय म्हणत होते?” हे वाक्य आमच्या घरात वर्षभर चाललं.)

बाकी कॉफीची तशी बदनामीच जास्त. निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चालतं, म्हणजे ढोबळमानाने चार कप. गरोदरपणात मात्र २०० च्या आतच राहायचं. नेमाने कॉफी पिणाऱ्यांत टाइप २ मधुमेह आणि यकृताचे आजार कमी दिसतात. ते कॉफीमुळेच, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, पण मी ते घरात छातीठोकपणेच सांगते. माझा खरा तोटा रक्ताच्या रिपोर्टात निघाला. हिमोग्लोबिन कमी, आणि मी लोहाची गोळी रोज कॉफीबरोबर घेत होते! कॉफी लोह अंगी लागू देत नाही. डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला. आता गोळी लिंबूपाण्याबरोबर, आणि तीही कॉफीपासून दोन तास लांब.

मागच्या महिन्यात सिंहगडाचा बेत ठरला. पहाटे साडेचारला निघायच्या गडबडीत फिल्टर तसंच ओट्यावर राहिलं. शेवटची कॉफी आदल्या दिवशी सकाळची. आतकरवाडीहून अर्धा गड चढेपर्यंत कपाळात ठणका सुरू, पुणे दरवाज्यात पोचले तेव्हा डोळे उघडवेनात. नवरा म्हणे पित्त. नणंद म्हणे ऊन. ऊन कसलं, साडेसात वाजले होते! मला कळून चुकलं होतं. रोज रुमाल पडतो म्हटल्यावर मेंदूही खुर्च्या वाढवून ठेवतो, आणि आज रुमालवालाच आला नव्हता.

वर मडक्यातलं दही होतं, पिठलं-भाकरी होती, कांदाभजी होती. कॉफी कुठून असणार? झोपडीतल्या मावशींनी माझा चेहरा बघितला आणि न विचारताच गवती चहा घातलेला, उकळून उकळून लाल झालेला चहा पुढे केला. चहातही कॅफिन असतं, हे मला पाठ होतं. पण गेली वीस वर्षं मी घरात चहाला नाकं मुरडत आले होते. प्यायले. अर्ध्या तासात ठणका ओसरला, समोरचा डोंगर स्पष्ट दिसायला लागला.

“अजून देऊ का?” मावशींनी विचारलं. मी कप पुढे केला. नवरा काही बोलला नाही. खडकवासल्याच्या पाण्याकडे तोंड करून उभा राहिला, पण खांदे हलत होते.