कपाट चिन्हावर उभी राहिले त्याची गोष्ट

२०२१ च्या डिसेंबरमध्ये सिंधुदुर्गात चार नगरपंचायतींची निवडणूक होती, कुडाळ, देवगड-जामसंडे, वैभववाडी आणि दोडामार्ग. त्यातल्या एका गावात मी अपक्ष उभी होते. कुठल्या ते सांगत नाही, वॉर्ड एवढासा आहे की लगेच ओळखाल.

सोडतीत आमचा वॉर्ड महिला राखीव निघाला आणि दोन दिवसांत घरी माणसं यायला लागली, ती माझ्याकडे नाही हां, नवऱ्याकडे, "वहिनींका उभी करा". वहिनी आत चहा करतायत. मग म्हटलं उभं राहायचंच असेल तर माझी मी राहते, पक्ष नको.

मला वाटलेलं प्रचार कठीण असतो. प्रचार काहीच नाही, कागद कठीण. फॉर्म ऑनलाइन भरायचा, प्रिंट काढायची, सह्या करून परत ऑफिसात नेऊन द्यायची. घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी नसल्याचा दाखला, घरात संडास असल्याचं आणि दोनपेक्षा जास्त मुलं नसल्याचं लिहून द्यायचं, गुन्हे आणि मालमत्तेचं शपथपत्र, निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं. घरपट्टी अजून सासऱ्यांच्या नावावर, ते जाऊन नऊ वर्षं झाली, त्यात अर्धा दिवस गेला. शपथपत्रात रकाना रिकामा सोडायचा नाही, काही नसेल तर "निरंक" लिहायचं. जमीन निरंक, शेअर्स निरंक, वाहन निरंक, लिहिता लिहिता स्वतःचीच कीव यायला लागली.

सगळ्यात मोठा घोळ सूचकाचा. सूचक म्हणजे आपलं नाव सुचवून फॉर्मवर सही करणारा, तो त्याच वॉर्डातला मतदार लागतो, आणि माझी चुलत जाऊ राहते पाणंदीच्या पलीकडे, हाक मारली तर ओ देईल एवढ्यावर. यादीत बघितलं तर पाणंद हीच वॉर्डाची हद्द, ती शेजारच्या वॉर्डात! शेवटचा दिवस, ३ वाजता खिडकी बंद, आणि मी दुपारी एक वाजता सूचक शोधत उन्हातून पळतेय. शेवटी आमचा दूधवाला आला, तसाच, हातात कॅन घेऊन.

चिन्ह मी कपबशी मागितलेलं, मिळालं कपाट. एक आजी म्हणाल्या, "कपाट वाटतलंस काय गो?"

प्रचारात सगळे हो म्हणतात. "तुका सोडून आमी कोणाक देतलव?" हे मी इतक्या घरांत ऐकलं की त्या हिशोबाने वॉर्डात जेवढे मतदार त्यापेक्षा जास्त मतं मला पडायला हवी होती. त्यात एसटीचा संप चालू. यादीतली बरीच नावं मुंबईला असतात, मोठे पक्षवाले गाड्या करून आणत होते, मी फक्त फोन करू शकत होते. रेल्वेने ये म्हटलं तर पुढचा म्हणणार, स्टेशनवरून घरी कसा येऊ?

२१ डिसेंबरला मतदान झालं. पण फॉर्म भरायच्या आठवड्यातच सुप्रीम कोर्टाने ओबीसी जागांना स्थगिती दिलेली, त्या जागा मग सर्वसाधारण करून त्यांचं मतदान १८ जानेवारीला, आणि मोजणी सगळ्यांची एकदम १९ ला. म्हणजे माझी मतं मशीनमध्ये पडून जवळजवळ महिनाभर बंद. तो महिना विचारू नका. वाण्याकडे गेलं तरी मी त्याचा चेहरा वाचतेय, हा हसला म्हणजे दिलं असेल की दिलं नाही म्हणून हसला? जाऊ यायची बंद झाली, तिला वाटलं सूचक म्हणून मीच तिला मुद्दाम टाळलं, हद्दीचं तिला पटेचना.

मोजणीत आमचा वॉर्ड पाच मिनिटांत आटपला. मी १४ मतांनी पडले. नवरा तोंड पाडून उभा, मला खरं तर आधी हलकंच वाटलं, रडू रात्री आलं.

हरलात तरी सुटका नसते. निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशोब द्यायचा, नाही दिला तर पुढे काही वर्षं उभं राहायला बंदी येऊ शकते. वडापावच्या गाडीवाल्याकडून पावती कशी आणायची सांगा? त्याने वहीचं पान फाडून लिहून दिलं, "भाभी, वडे ४०". चाललं ते.

जाऊ गणपतीत आली घरी, आरतीला, काही न बोलता. आणि ते बँक खातं बंद करायचं राहूनच गेलंय, त्यात २१२ रुपये आहेत, मधूनच मेसेज येतो की बॅलन्स कमी आहे.